गाण्यात राहिलेले नाव

पोर्तुगीज राजवटीत गोव्याहून निघालेली आगगाडी दूधसागराचा घाट चढून आपल्या जोयडा तालुक्यातील कॅसलरॉक येथे ब्रिटिश हिंदुस्थानात प्रवेश करीत असे. या शेजारच्या मुलखातील वादकांनीच मुंबईच्या चित्रपटांना व्हायोलिनचा नाद दिला. त्यांच्यापैकी अँथनी गोन्साल्विस हे नाव १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील गाण्यामुळे घरोघरी पोहोचले. परंतु या नावाचा खराखुरा संगीतकार होऊन गेला, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

त्यांचा जन्म १९२७ साली सासष्टीतील माजोर्डा गावी झाला. गोव्यात चर्चच्या संगीतशाळांतून मुलांना स्वरलेखन वाचावयास शिकवीत. मुंबईत हीच विद्या कामी आली. संगीतकार चाल बांधीत. दोन कडव्यांमधील वाद्यसंगीत व प्रत्येक वादकाचे स्वर कागदावर उतरविण्याचे काम संयोजकाचे असे. शंकर-जयकिशन यांच्यासाठी ते सेबॅस्टियन डिसूझा यांनी केले. श्रोत्यांच्या लक्षात राही ते संगीतकाराचेच नाव.

हे काम वाटते तितके सोपे नव्हे. व्हायोलिनला पडदे नसल्यामुळे त्यावर मींड सहज निघते. पण तीच मींड तीस जणांनी एकत्र घ्यावयाची, तर ती कोठून सुरू व्हावी, किती लांबावी, गज कोणत्या दिशेने फिरावा, हे सारे आधी ठरवावे लागते. त्याहून बिकट प्रश्न स्वरसंगतीचा. आपला राग एकेरी स्वरांनी चालतो, तर पाश्चात्य संगीतात अनेक स्वर एकदम वाजतात. वृंदावनी सारंगात गंधार व धैवत वर्ज्य आहेत. षड्जावरची नेहमीची स्वरसंगती मात्र गंधारावाचून पुरी होत नाही. गंधार घ्यावा तर राग मोडतो, टाळावा तर संगती पोकळ राहते.

गोन्साल्विस यांनी हे कोडे मैफलीच्या मंचावर नेले. सारंग रागावर त्यांनी वाद्यवृंदासाठी रचना केली. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्यांनी शंभराहून अधिक वादक एकत्र आणले; लता मंगेशकर व मन्ना डे यांनी त्यांच्यासह गायन केले. हा उपक्रम फार काळ टिकला नाही. १९६५ साली ते अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, आणि परतल्यावर मुंबईच्या चित्रपटसृष्टीपासून दूर माजोर्डा येथेच राहिले. २०१२ साली त्यांचे निधन झाले.

ते गाणे लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. प्यारेलाल हे गोन्साल्विस यांचे व्हायोलिनचे शिष्य. गुरूचे नाव त्यांनी गाण्यात गुंफले. शिष्याची ही कृतज्ञता थोरच; पण गाणे विनोदी, आणि त्या नावामागची साधना श्रोत्यांपर्यंत पोहोचली नाही. जुनी गाणी ऐकताना आपण शब्द व गळा यांना दाद देतो. दोन कडव्यांमधील व्हायोलिनांकडेही कान द्यावा. घाटाखालच्या आपल्या शेजाऱ्यांचे श्रम तेथे ऐकू येतात.