मार्माइट, उवा आणि हाडातला कारखाना

मी बीटेक केलं विष्णुपुरीत. नांदेडचं सरकारी मेडिकल कॉलेजही तिथंच. त्यामुळं चहाच्या टपरीवर ‘बोन मॅरो तपासायला सांगितलंय’ असं कुणीतरी बोलायचं, आणि चेहरा पार उतरलेला असायचा. रक्त बनतं तिथंच बिघाड, म्हणजे संपलं, असंच वाटतं ना? पण बग दर वेळी तिथं नसतो.

गोष्ट मुंबईची आहे. 1928 साली इंग्लंडच्या डॉक्टर लूसी विल्स इथं आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायका रक्त कमी होऊन मरत होत्या. विल्सबाईंनी आधी जंतू शोधले, मग त्या बायकांचं जेवण तपासलं. परळच्या हाफकिनमध्ये तसलंच निकस अन्न उंदरांना दिलं. उंदीरही पांढरेफटक! पण त्यांच्या रक्तात निघाला बार्टोनेला, उवांमधून पसरणारा जंतू. माणेक मेहतांसोबतच्या 1930 च्या निबंधाच्या शीर्षकातच त्याचं नाव आहे. म्हणजे एकाच वेळी दोन बग. टेस्टिंग करणाऱ्यांना हे दुखणं बरोब्बर कळेल.

मग प्रयोग माकडांवर गेला, आणि हाती लागलं मार्माइट. बिअर करून उरलेल्या यीस्टचा काळा, खारट, स्वस्त अर्क. तो खाऊन बायका काही दिवसांतच सावरू लागल्या. 1931 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आलं. त्यातला गुण पुढं फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. 1941 मध्ये ते पालकातून वेगळं काढलं. ते किंवा बी-12 कमी पडलं की मॅरोतल्या पेशी नुसत्या फुगतात, नीट विभागत नाहीत, आतच मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली कधीकधी हे थेट ब्लड कॅन्सरसारखं दिसतं.

बायकांचा दोष आहारातला होता, जंतू उंदरांचा. मग जंतू माणसाच्या मॅरोला गोत्यात आणतो का? आणतो की. टीबी तर थेट मॅरोत घुसतो. रक्तातल्या तिन्ही पेशी घटतात, आणि टीबीच्या गोळ्यांनी कित्येकदा परत भरून येतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी आडून येतो. राहतो जठरात, पण त्यानं बी-12 नीट शोषलं जात नाही, आणि उपासमार होते मॅरोची. तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी 2000 साली बी-12 कमी असलेले 138 ॲनिमियाचे रुग्ण तपासले. 77 जणांत हा जंतू सापडला. जंतू मारायची औषधं दिली, तर त्यातल्या 31 जणांचं रक्त आणि बी-12 दोन्ही सुधारलं.