यंत्रातील मत आणि मतदाराचा विश्वास

मत गुप्त असावे, पण मोजणी सर्वांच्या डोळ्यांदेखत व्हावी, हा लोकशाहीचा जुना दंडक आहे. कागदी मतपत्रिकेच्या काळी हे दोन्ही साधत असे. मतदान यंत्र आले आणि मोजणी झटपट होऊ लागली. परंतु डोळ्यांनी पाहण्याजोगे काही उरले नाही. हे ‘पाहणे’ परत मिळविण्याची धडपड आपल्या मतदान यंत्राच्या इतिहासात आम्हांस दिसते.

आरंभ केरळात झाला. १९ मे १९८२ रोजी परूर विधानसभा मतदारसंघातील ५० केंद्रांवर यंत्राने मतदान झाले. शिवन पिल्लै हे १२३ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार ए. सी. जोस न्यायालयात गेले. ५ मार्च १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या ५० केंद्रांवर मतपत्रिकेद्वारे फेरमतदानाचा आदेश दिला. यंत्र सदोष ठरले म्हणून नव्हे, तर कायद्याचा आधार नसल्यामुळे! फेरमतदानानंतर जोस विजयी झाले. पुढे १९८९ साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात यंत्राला स्थान मिळाले आणि २००४ ची लोकसभा निवडणूक सर्वत्र यंत्रांवर पार पडली.

यंत्राचे उपकार नाकारता येणार नाहीत. केंद्र बळकावून मतपत्रिकांचे गठ्ठे पेटीत कोंबणाऱ्यांना त्याने आळा घातला. कारण जुनी यंत्रे मिनिटाला पाचपेक्षा अधिक मते स्वीकारीत नसत. शिवाय त्यांचा कोणत्याही जाळ्याशी संबंध नसतो. तथापि २०१० साली हैदराबादचे अभियंते हरी प्रसाद व त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की यंत्र प्रत्यक्ष हाती लागल्यास त्यात फेरफार करता येतो. म्हणजे यंत्राची सुरक्षितता अखेर मोहोर, कुलूप आणि पहारा यांवरच अवलंबून!

याच सुमारास जर्मनीतही हा प्रश्न न्यायालयासमोर आला होता. तेथील घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी निर्णय दिला, की निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही पडताळता आले पाहिजेत. २००५ च्या निवडणुकीत वापरलेली यंत्रे या कसोटीस उतरली नाहीत.

जर्मनी कागदाकडे परतली. आपण यंत्राला कागदाची जोड दिली. ८ ऑक्टोबर २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कागदी पुरावा आवश्यक मानला. आता मतदाराला काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते व ती पेटीत पडते. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्यांशी ताडल्या जातात. सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. मात्र निकालानंतर दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना काही यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा दिली.

यंत्रावर आंधळा विश्वास नको, तसा आंधळा संशयही नको. आपला पराभव झाला तरच यंत्र खोटे, हा न्याय नव्हे. परंतु प्रश्न विचारणारा नागरिक लोकशाहीचा वैरी नसतो. हरलेल्या उमेदवारालाही ‘मी हरलो’ हे पटावे, इतकी मोजणी उघड असली पाहिजे. परूरच्या खटल्यापासून आजवरच्या वादांचे सार आमच्या मते एवढेच आहे.