ताप उतरल्यावर

मराठी माणूस मनाच्या दुःखाबद्दल बोलू लागला की शब्दाशब्दांतून धग येते. जीव जळतो, काळीज पोळतं, मन होरपळतं, राग आतल्या आत धुमसतो. मनस्ताप, संताप, पश्चात्ताप या सगळ्यांच्या पोटात ताप आहे. ऐकत नाही ते पोर ‘डोक्याला ताप’ होतं. मग हे सगळं सरल्यावर जे वाटतं, त्याला काय म्हणायचं? शाळेत विरुद्धार्थी शब्द विचारला तर उत्तर ठरलेलं: दुःखाच्या उलट सुख. घरात मात्र फार निराळी उत्तरं मिळतात. परदेशातून आलेल्या लेकाला पाहून आईचे डोळे निवतात. तुटलेली सोयरीक पुन्हा जुळली की जिवाला गार वाटतं. परीक्षेचा निकाल लागला की जीव भांड्यात पडतो. या शब्दांना इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा दख्खनच्या उन्हात घडलेला आहे.

आधी ‘सुख’ पाहू. संस्कृतात ‘ख’ म्हणजे पोकळी, छिद्र. एका जुन्या व्युत्पत्तीनुसार हे छिद्र म्हणजे गाडीच्या चाकाचं, आस ज्यात बसतो ते. ते नीट बसलेलं असेल तर ‘सु-ख’, प्रवास अलगद. बिघडलेलं असेल तर ‘दुः-ख’, प्रत्येक खड्ड्याला हिसका. काही अभ्यासकांना ही व्युत्पत्ती मान्य नाही; ते ‘दुःख’ शब्दाचं मूळ ‘दुःस्थ’ म्हणजे वाईट स्थितीत असलेला, या शब्दात शोधतात. मराठीने पुढे या जोडीतल्या दोघांना वेगवेगळी कामं दिली. ‘दुखणं’ अंगाला लावलं: डोकं दुखतं, दाढ दुखते, दुखणं अंगावर काढलं जातं. ‘सुखणं’ मात्र रुळलं नाही. ‘सुखावणं’ रुळलं, तेही बहुतेक मनासाठीच. आणि ‘सुखरूप’ उरलं ते संकटातून पार पडलेल्यांसाठी. बाळ-बाळंतीण सुखरूप असतात, घाटातून गाडी सुखरूप उतरते.

सांख्य तत्त्वज्ञानाने दुःखाचे तीन प्रकार सांगितले: आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक. पुढे त्यांनाच ‘त्रिविध ताप’ हे नाव पडलं. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या तिसऱ्या दशकातले सहा, सात आणि आठ हे तीन समास एकेका तापाला दिले. मंत्राच्या शेवटी ‘शांतिः’ तीनदा म्हणतात तेही हे तीन ताप शमावेत म्हणून, असा अर्थ परंपरेने सांगितला जातो. दुःख म्हणजे ताप हे एकदा ठरलं, की त्याच्या उलट जे असेल ते गारच असणार.

ही जाण ‘दासबोधा’हून जुनी आहे. शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये सांगितलेल्या ‘ज्ञानेश्वरी’च्या अखेरीस पसायदान येतं. त्यात ज्ञानदेव सज्जनांचं वर्णन करताना डाग नसलेल्या चंद्राची आणि ताप नसलेल्या सूर्याची कल्पना करतात. प्रकाश सगळा, चटका मात्र नाही. वैशाखात नेवासे-पैठणकडच्या मोकळ्या रानात उभं राहिलेल्या कुणालाही हे मागणं किती मोठं आहे ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

‘निवणं’ हे क्रियापदही असंच खोल जातं. भाषाअभ्यासक त्याचा संबंध संस्कृतातल्या ‘निर्वा’शी, म्हणजे विझणं, शांत होणं याच्याशी लावतात. ‘निर्वाण’ही त्याच धातूचं. बुद्धवचनांत रागलोभाची आग विझते, तिथे हा शब्द उभा आहे. आणि स्वयंपाकघरात आजी ‘दूध जरा निवू दे’ म्हणते, तिथे त्याच घराण्यातला दुसरा शब्द. वाफाळत्या पातेल्यावरची साय धरेपर्यंत थांबायचं, तेवढंच आजीच्या मनात असतं. पण नातू कुशीत शिरल्यावर तीच बाई ‘डोळे निवले’ म्हणते, तेव्हा दुधाचा शब्द मनाला लागू झालेला असतो.

हा गारवा नुसता बोलण्यात राहिला नाही, त्याचे सोहळे झाले. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघरी चैत्रगौर बसते. गौर झोपाळ्यात, समोर आरास, कलिंगडाची कमळं. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना कैरीचं पन्हं आणि वाटली डाळ, ओटीत भिजवलेले हरभरे, अंगावर गुलाबपाणी. जुन्या घरांत आणखी एक गोष्ट होई. सहाणेवर उगाळलेल्या चंदनाचा लेप पाहुणीच्या हातावर लावायचा आणि ओला असतानाच त्यावरून शिंपल्याची कड फिरवून रेघा उमटवायच्या. बाहेर ऊन रणरणत असताना दिवसभर चुलीपुढे राबलेल्या हातांवर तो लेप हळूहळू वाळे. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला उदककुंभ दान द्यायचा, रस्त्यावर पाणपोई घालायची. श्रावणातल्या शीतला सप्तमीला तर चूलच पेटवायची नाही. आदल्या दिवशीचं शिळं, थंड खायचं.

पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत विठ्ठल-रुक्मिणीची चंदनउटी पूजा असते. देवालाही उन्हाचा त्रास होत असेल, या मायेतून भक्त सहाणेवर चंदन उगाळतात आणि मूर्तीला उटी लावली जाते.

मराठीत आनंदाची दुसरी एक रांगही आहे. ती फार्सी-अरबीतून आली. ‘मौज’ म्हणजे अरबीत लाट. ‘मजा’ म्हणजे फार्सीत चव. खुशी, आराम, हौस ही याच दारातून आलेली मंडळी. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला आणि दरबारी फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. कारभाराची भाषा बदलणं हे त्याचं काम होतं. मजा आणि मौज मात्र लोकांच्या तोंडी होत्या तशाच राहिल्या आणि अस्सल मराठी झाल्या. मात्र त्यांचं काम वेगळं आहे. मजा करायला आधी दुःख असावं लागत नाही. जत्रेत मजा येते; पण आजारातून उठलेल्या बापाला पाहून मजा वाटली असं कुणी म्हणणार नाही. तिथे ‘हायसं वाटलं’ हाच शब्द हवा.

‘समाधान’ची वाट आणखी निराळी. संस्कृतात त्याचा अर्थ नीट एकत्र ठेवणं, चित्त एका जागी बसवणं, शंका फेडणं. हिंदीने त्यातला शंकेचं उत्तर हा अर्थ पुढे चालवला. तिथे ‘समस्या का समाधान’ होतं. मराठीतही शंकासमाधान आहे, पण रोजच्या वापरात समाधान हे तृप्तीचं नाव झालं. पोटभर जेवलेल्या पाहुण्याच्या चेहऱ्यावर ते दिसतं. इकडे तिकडे सांडलेलं मन पुन्हा जागेवर आलं, हा जुना अर्थ त्या चेहऱ्यावर अजून वाचता येतो.

आज ‘टेन्शन’ने तापाची बरीच जागा घेतली आहे. तरुण मुलं एकमेकांना ‘चिल’ म्हणतात. शब्द इंग्रजीतून आला, पण दुःख गरम आणि सुटका गार ही खूण मराठीला नवी नाही. ‘जिवाला गार वाटलं’ म्हणणाऱ्या आजीला नातवाचा ‘चिल’ फारसा परका वाटू नये.

सुटकेच्या याच शब्दांच्या कुळात ‘विसावा’ येतो. त्याचं नातं ‘विश्राम’शी. पायी चालणाऱ्यांच्या महाराष्ट्रात तो नुसता भाव नाही, ठिकाणही आहे. मृग लागतो, पंढरपुरातली चंदनउटी थांबते आणि पुढे देहू-आळंदीहून पालख्या निघतात. त्यांच्या वेळापत्रकात रात्रीचा असतो तो मुक्काम, वाटेतला थोडा वेळचा तो विसावा. पुणं मागे टाकून दिवेघाट चढून वर आलेली बाई डोक्यावरचं तुळशीवृंदावन जपून खाली ठेवते, पदराने मान पुसते. सासवडकडून येणारा वारा अंगावर घेत शेजारची अनोळखी बाई तिला जागा करून देते आणि म्हणते, ‘‘टेका जरा, माउली.’’