लंडनचा धूर आणि लंडनची झाडे

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स १६६० साली पुन्हा गादीवर आला. त्यानंतर थोड्याच काळाने जॉन ईव्हलिन हा विद्वान गृहस्थ व्हाइटहॉलच्या राजवाड्यात फिरत असताना जवळच्या धुराड्यांतून इतका धूर आत शिरला की, माणसाला माणूस दिसेना. त्या उद्वेगातून त्याने ‘फ्यूमिफ्यूजियम’ ही पुस्तिका लिहिली आणि १६६१ साली ती राजाला अर्पण केली.

ईव्हलिनने मुख्यतः दोन उपाय सुचविले. मद्य गाळणारे, रंगारी, साबण करणारे, चुन्याच्या भट्ट्या चालविणारे असे जे दगडी कोळसा जाळीत, त्यांना शहराबाहेर हलवावे, हा पहिला. शहराभोवतीच्या सखल जमिनीवर सुवासिक झुडपे व फुलझाडे लावावीत, हा दुसरा. सुगंधाने हवा शुद्ध होते ही त्याची समजूत चुकीची होती. परंतु वनस्पती आणि हवा यांचा संबंध त्याने हेरला होता. राजाला कल्पना आवडली, कायद्याचा मसुदाही तयार झाला. कायदा मात्र झाला नाही. धुराडी जागच्या जागी राहिली.

पुढे लंडनमध्ये झाडे पुष्कळ लागली. पण त्यांची निवड जणू धुरानेच केली. काश्मीरचा चिनार आणि त्याचा अमेरिकन भाऊबंद यांच्या संकरातून झालेला ‘लंडन प्लेन’ हा वृक्ष तेथे तगला. त्याची साल खवल्यांसारखी गळून पडते व तिच्याबरोबर काजळीही जाते. पाने दर वर्षी नवी येतात. बर्कली चौकात १७८९ च्या सुमारास लावलेले असे वृक्ष आजही उभे आहेत. उलट, पाइनसारख्या सूचिपर्णी वृक्षांची पाने कित्येक वर्षे टिकतात, त्यामुळे काजळी त्यांवर साचत जाते. क्यू येथील प्रसिद्ध उद्यानात ते धुराने खंगू लागले, तेव्हा १९२५ साली त्यांच्यासाठी केंट परगण्यात बेजबरी येथे नवे वन उभारावे लागले.

यातील विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. आजच्या शास्त्रानुसार हवेतील सूक्ष्म कण टिपण्यात हेच सूचिपर्णी वृक्ष अग्रेसर आहेत. बारीक, खरखरीत, लवदार किंवा मेणचट पाने कण अधिक धरतात, आणि सूचिपर्णी वृक्ष हिवाळ्यातही हे काम करीत राहतात. म्हणजे जो वृक्ष धूर उत्तम गाळतो, तोच दाट धुरात जगत नाही. शिवाय पानांनी धरलेले कण वाऱ्याने पुन्हा उडतात वा पावसाने खाली येतात. उंच इमारतींमधील अरुंद रस्त्यावर झाडांचे दाट छत्र असेल, तर वाहनांचा धूर त्याखालीच कोंडतो. तेथे रस्ता व पदपथ यांच्यामध्ये दाट कुंपण लावणे अधिक हिताचे ठरते.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत धूर आणि धुके यांचे आच्छादन पडले. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ४,००० माणसे दगावली; पुढील अभ्यासकांनी हा आकडा १२,००० च्या घरात नेला. बर्कली चौकातील वृक्ष तेव्हाही उभेच होते. अखेर १९५६ साली शुद्ध हवेचा कायदा झाला आणि शहरात धूर सोडण्यावर बंधने आली.

ईव्हलिनचा पहिला उपाय मार्गी लागण्यास जवळजवळ ३०० वर्षे लागली. झाड कोणते लावावे, हा प्रश्न महत्त्वाचा खरा. पण त्याने आधी धुराड्यांकडे बोट दाखविले होते आणि मग झुडपांकडे. शहाणपण त्या क्रमातच होते.