नियम, रूढी आणि पंचांची नजर

नियम कागदावर आला की तो लागू झाला, असं आपण धरून चालतो. मैदानावर तसं नसतं. खेळ चालू असताना मोडलेला नियम पंचांना दिसावा लागतो, आणि दिसल्यावर त्यांना बोलावंही लागतं. बेसबॉलमधली १९०८ सालची एक घटना आज आपण या अंगाने पाहू.

आधी नियम. फलंदाज चेंडू टोलवून पहिल्या बेसकडे धावला, की तिथे उभ्या असलेल्या धावपटूला दुसऱ्या बेसवर जावंच लागतं. तो पोचायच्या आत क्षेत्ररक्षकाने चेंडू हातात घेऊन त्या बेसला पाय लावला, तर तो बाद. आणि तो तिसरा गडी असेल, तर त्याच फटक्यावर दुसरं कुणी होमला पोचलं तरी ती धाव धरत नाहीत. नियम जुनाच होता. रूढी मात्र निराळी. विजयी धाव झाली की प्रेक्षक आत घुसायचे, आणि मागचा धावपटू दुसऱ्या बेसला न शिवता सरळ तंबूकडे पळायचा. पंच काही म्हणत नसत.

४ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये हेच घडलं. शिकागो कब्जच्या जॉनी एव्हर्सने चेंडू घेऊन दुसऱ्या बेसवरून दाद मागितली. त्या दिवशी हँक ओडे एकटेच पंच होते. मी ते पाहिलेलं नाही, असं सांगून त्यांनी दाद फेटाळली. बघा हं, नियम चुकीचा आहे असं काही ते म्हणाले नाहीत.

२३ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जायंट्स विरुद्ध शिकागो. नववा डाव, १-१ बरोबरी, दोन बाद. तिसऱ्या बेसवर मॅककॉर्मिक, पहिल्यावर १९ वर्षांचा फ्रेड मर्कल. नेहमीच्या खेळाडूची पाठ धरली म्हणून उतरलेला. ब्रिडवेलने फटका मारला, मॅककॉर्मिक होमला पोचला, गर्दी लोटली, आणि मर्कल रूढीप्रमाणे मधूनच वळला. एव्हर्सने पुन्हा दाद मागितली. त्याच्या हातातला चेंडू तोच होता का, याबद्दल अजून वाद आहे. दुसरे पंच एम्सली यांना काही दिसलं नव्हतं. ओडे यांनी या खेपेला पाहिलं होतं. मर्कल बाद, धाव रद्द. लीगचे अध्यक्ष पुलियम यांनी बरोबरीचा निर्णय कायम केला. मोसमाअखेर दोन्ही संघ समान ठरले, म्हणून ८ ऑक्टोबरला सामना पुन्हा झाला. शिकागो ४-२ जिंकले.

मर्कलला 'बोनहेड', म्हणजे मठ्ठ, हे नाव जन्माचं चिकटलं.

मग अन्याय झाला का? आपल्याला ओडे यांना दोष देता येत नाही. दिसूनही गप्प राहणं म्हणजे रूढीला नियमाच्या डोक्यावर बसवणं. पण मर्कलने तरी काय केलं? थोरामोठ्या खेळाडूंनी वर्षानुवर्षं केलं तेच. पंचांनी त्याला फक्त बाद दिलं. सगळ्यांची चूक एकट्याच्या माथी मारली ती लोकांनी. निकाल देणं आणि दोष देणं या दोन गोष्टी आपण वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, मैदानावर आणि बाहेरसुद्धा.