बांबू नव्हे, पैसे!

माहजाँग म्हटलं की सोंगट्यांवरचे बांबू आणि गोल आठवतात. गंमत अशी, की ते बांबू मुळात बांबू नाहीतच! गोल म्हणजे चिनी नाणं, 'बांबू' म्हणजे दोरीत ओवलेली नाण्यांची माळ आणि तिसरा संच दहा-दहा हजारांचा. थोडक्यात, सगळा पैशांचा मामला. मिंग काळातल्या पत्त्यांवरचे हे संच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोंगट्यांवर दिसू लागले.

म्हणजे खेळ फारसा जुना नाही. पण १९२० साली जोसेफ बॅबकॉक या चीनमध्ये नोकरी केलेल्या अमेरिकन माणसाने नियमांचं पुस्तक काढलं, तिकडे माहजाँगचं वेड पसरलं आणि विकणाऱ्यांनी खेळ थेट कन्फ्यूशियसच्या नावावर खपवला. प्राचीन म्हटलं की माल खपतो, हे आपल्याला काय नवीन?

चीनमध्ये मात्र १९४९ नंतर कम्युनिस्ट राजवटीला त्यात जुगारच दिसला. सांस्कृतिक क्रांतीत तर खेळणंच धोक्याचं झालं. पुढे १९९८ मध्ये सरकारच्याच क्रीडा खात्याने माहजाँगचे नियम छापले!

तिकडे अमेरिकेतलं वेड केव्हाच ओसरलं होतं. पण न्यूयॉर्कच्या काही बायकांनी, त्यातल्या बहुतेक ज्यू, १९३७ साली संघटना काढून खेळ चालू ठेवला. त्यांना कन्फ्यूशियस लागला नाही. इकडे चीनमध्ये लोकांनी बंदीनंतर पुन्हा डाव मांडलेच. चौघांनी एका टेबलाभोवती बसण्यातच काहीतरी असणार. नाहीतर बंदी उठताच लोक इतक्या ओढीने परत कशाला बसले असते?