पिस्तूल आणि पिशाच : अमेरिकी चित्रपटांतील एका संगमाचा इतिहास

अमेरिकेच्या पश्चिम सीमेवरील पिस्तूलधारी घोडेस्वारांच्या कथा आणि पूर्व युरोपातील रक्तपिपासू पिशाचांच्या कथा हे दोन प्रवाह एकमेकांस सर्वस्वी परके आहेत, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. एकीकडे उघडे माळरान आणि रणरणते ऊन. दुसरीकडे पडका किल्ला आणि काळोख. तथापि ह्या दोहोंच्या संगमातून चित्रपटांची एक लहानशी शाखा निर्माण झाली. केवळ शस्त्राच्या बळावर दुष्टाचा नाश होतो काय, हा तिचा मूळ प्रश्न होय. म्हणूनच तिचा इतिहास आम्हांस पाहण्याजोगा वाटतो.

ह्या संगमाचे बीज चित्रपटाहून जुने आहे. ब्रॅम स्टोकर ह्यांची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. तीत पिशाचाचा पाठलाग करणाऱ्या मंडळींत क्विन्सी मॉरिस नावाचा टेक्सासचा एक रांगडा गृहस्थ आहे. अखेरच्या झटापटीत हार्करची कुकरी ड्रॅक्युलाच्या गळ्यावरून फिरते आणि त्याच क्षणी मॉरिसचा बोवी सुरा त्याच्या काळजात घुसतो. गुरख्यांचे शस्त्र आणि अमेरिकी सीमेवरचे शस्त्र अशी येथे एकत्र येतात. मॉरिस त्या लढाईत प्राणास मुकतो. १९३१ आणि १९५८ सालच्या गाजलेल्या ड्रॅक्युलापटांनी मात्र ह्या वीरास वगळून टाकले.

सीमेवरचा नायक आणि पिशाच ह्यांची पडद्यावरील खरी गाठ पडली ती १९५९ साली, युनिव्हर्सल-इंटरनॅशनलच्या ‘कर्स ऑफ द अनडेड’ ह्या चित्रपटात. एडवर्ड डाइन हे त्याचे दिग्दर्शक. पटकथा त्यांनी व मिल्ड्रेड डाइन ह्यांनी मिळून लिहिली. एका बलदंड जमीनदाराच्या जुलमाने पोळलेली तरुणी सूडाच्या भरात मारेकऱ्यासाठी बक्षीस जाहीर करते, आणि त्या हाकेस ओ देऊन येतो तो काळ्या वेषातला ड्रेक रोबी. हा भाडोत्री पिस्तुलबाज प्रत्यक्षात पिशाच आहे. त्याने पूर्वी आपल्या भावाचा वध करून मग आत्मघात केलेला असतो. गोळी लागूनही तो मरत नाही. मग द्वंद्वात त्याच्याशी कोण टिकणार? शेवटी गावचा धर्मोपदेशक गोळीच्या टोकावर एक चिमुकला क्रूस बसवितो आणि तिनेच त्याचा अंत करतो. पिशाच गावात आले ते सूडाच्या आमंत्रणावरून, हे ह्या कथेचे मर्म आहे.

त्यानंतर १९६६ साली विल्यम बोडीन ह्यांचा ‘बिली द किड व्हर्सस ड्रॅक्युला’ आला. तो अगदी घाईगर्दीत व अल्प खर्चात काढलेला. १९४४ व १९४५ साली ड्रॅक्युलाची भूमिका केलेले जॉन कॅरडीन त्यात पुनश्च त्याच वेषात दिसतात. बिलीच्या गोळ्या वाया जातात तेव्हा तो पिस्तूलच पिशाचाच्या तोंडावर फेकून मारतो, आणि पिशाच कोसळते! प्रेक्षक हसले तर नवल नाही. जेथे प्रश्नच हरवला तेथे भयही उरत नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा.

ह्या शाखेस खरी प्रतिष्ठा दिली कॅथरिन बिगेलो ह्यांनी, १९८७ सालच्या ‘निअर डार्क’ मध्ये. घोड्यांऐवजी मोटारींतून भटकणारी ही पिशाचांची टोळी जुन्या दरोडेखोरांचीच वारसदार आहे. तिचा म्होरक्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला. मात्र संपूर्ण चित्रपटात ‘व्हँपायर’ हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही. टोळीत ओढल्या गेलेल्या मुलास त्याचा बाप आपले रक्त देऊन पुन्हा माणसांत आणतो. रक्त ओरबाडून घेणे आणि रक्त देणे ह्यांतील हा विरोध फार बोलका आहे. पुढे १९९८ साली जॉन कार्पेंटर ह्यांच्या ‘व्हँपायर्स’ने न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पगारी शिकाऱ्यांची टोळीच उभी केली.

हे सारे वाचताना आमच्या वाचकांस वेताळाची आठवण होईल. रिचर्ड बर्टन ह्यांनी १८७० साली वेताळकथांचे इंग्रजी रूपांतर करताना त्यास ‘व्हँपायर’ म्हटले. परंतु हे नाव त्यास शोभत नाही. गोव्यात आमोणे, लोलये येथे वेताळ पूजिला जातो तो ग्रामदेवतेच्या नात्याने. कथेतील वेताळही विक्रमाचे रक्त पीत नाही. तो त्याच्या विवेकाची परीक्षा घेतो, आणि अखेर खरा घातकी कोण हे सांगून त्यास वाचवितो. तलवार विक्रमाच्या कमरेस प्रारंभापासून होतीच. ती कोणावर चालवावी हे त्यास मागाहून कळले. त्या अमेरिकी गावातील तरुणीने मात्र मारेकरी आधी बोलाविला, आणि तो कोण हे तिला नंतर समजले.